टाळूतील शिवण आणि मुलीच्या हातातली किल्ली

१/ सन १८६०. सॅन फ्रान्सिस्को. इमर्सन एंजेल नावाच्या दंतवैद्याने चौदा वर्षांच्या एका मुलीच्या टाळूवर आडवा स्क्रू बसविला, तिच्या हाती एक लहानशी किल्ली दिली आणि स्क्रू सतत घट्ट ठेवण्यास सांगितले. दोन आठवड्यांत तिच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट पडली. एंजेलने त्यावरून निष्कर्ष काढला, की तिच्या वरच्या जबड्याची दोन हाडे एकमेकांपासून दूर सरकली आहेत. हे विधान खरे होते. पण ते सर्वमान्य व्हायला जवळपास शंभर वर्षे लागली. हा थ्रेड त्या शंभर वर्षांचा, आणि त्यानंतर थेट २०२३ पर्यंत आलेल्या एका छोट्या यंत्राचा.

२/ आज अनेक मुलांच्या तोंडात ‘एक्स्पान्डर’ दिसतो. काहींचा दातांना पक्का चिकटविलेला असतो, काहींचा काढता-घालता येतो. आणि अलीकडे पारदर्शक, संगणकावर आखलेला व छापून तयार केलेला प्रकारही आला आहे. हे सगळे फार आधुनिक वाटते. परंतु त्यामागचे तीन प्रश्न एंजेलच्या काळातलेच आहेत. हलते ते दात की हाड? हे सिद्ध कसे करावयाचे? आणि रोजचे काम डॉक्टरने करावयाचे की मुलाने? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधताना दंतवैद्यकाने अनेकदा वाट चुकविली, आणि ती चूक कशी घडली हे पाहणे इतिहासाच्या अभ्यासकाला उपयोगाचे आहे.

३/ प्रथम थोडी शरीररचना. जिभेचे टोक टाळूच्या मध्यावर फिरविले, तर पुढून मागे जाणारी एक बारीक रेघ जाणवते. वरचा जबडा हे एकसंध हाड नव्हे. डाव्या व उजव्या अशा दोन हाडांचा तो जोड आहे आणि त्या रेघेखाली त्यांची शिवण असते. अगदी लहान वयात ही शिवण रुंद व सरळ असते. वय वाढते तसतशी तिच्या दोन्ही कडांना दाते फुटतात आणि ते एकमेकांत गुंतत जातात. कपड्याची शिवण नवी असताना उसवणे सोपे, पण पुन्हा पुन्हा टाके घातल्यावर अवघड. इथेही तसेच होते. संपूर्ण विषयाचा कणा ही एवढी एक गोष्ट आहे.

४/ वरचा जबडा अरुंद राहिला, की दोन अडचणी येतात. पक्क्या दातांना रांगेत जागा मिळत नाही. ते एकमेकांवर चढतात किंवा रांगेबाहेर उगवतात. दुसरे म्हणजे, मिटलेल्या तोंडात वरच्या दाढांची बाहेरची कड खालच्या दाढांच्या किंचित बाहेर असावयास हवी. अरुंद जबड्यात ती आत जाते आणि चावा उलटा बसतो. काही मुले मग नीट चावता यावे म्हणून खालचा जबडाच एका बाजूला सरकवू लागतात. म्हणून हा प्रश्न केवळ दिसण्याचा नाही. त्यावरचे उपाय मात्र दीर्घकाळ दातांभोवतीच घोटाळत राहिले.

५/ या उपायांची लेखी परंपरा पॅरिसपासून सुरू होते. पिएर फोशार याचा दंतशल्यावरील द्विखंडी ग्रंथ १७२८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आधुनिक दंतवैद्यकाचा तो आरंभ मानला जातो. वाकडे दात सरळ करण्यासाठी फोशारने धातूची चपटी, भोके पाडलेली पट्टी वापरली. ती दंतपंक्तीच्या कमानीला लावून दात दोऱ्याने तिला बांधावयाचे, म्हणजे ते हळूहळू पट्टीकडे ओढले जात. कल्पना चतुर होती. पण तिच्यात ओढले जात होते ते दात. ज्या हाडात दात रोवलेले असतात, त्या हाडालाच हात घालावा असा विचार त्या पट्टीमागे नव्हता.

६/ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दंतवैद्यांच्या हाती नवे साधन आले : लहान आकाराचा जॅक-स्क्रू. जड ओझे इंचाइंचाने उचलणारा कारागिरांचा जॅक ज्या तत्त्वावर चालतो, तेच तत्त्व तोंडाच्या मापात आणले गेले. स्क्रूचे वैशिष्ट्य असे, की थोडे फिरविले तरी मोठा जोर निर्माण होतो आणि हात सोडल्यावर तो जोर तसाच टिकून राहतो. त्या काळी दाटीवर सोपा तोडगा होता पक्के दात उपटून जागा करण्याचा. एंजेलला तो मान्य नव्हता. निरोगी दात वाचवून जागा निर्माण करता येईल का, हा त्याचा प्रश्न होता.

७/ त्याचे यंत्र साधे होते. टाळूवर आडवा दांडा. दांड्याच्या दोन टोकांना एकमेकांविरुद्ध आटे. आणि ही टोके दोन्ही बाजूंच्या उपदाढांवर टेकलेली. मधला भाग किल्लीने फिरविला, की दोन्ही टोके एकाच वेळी बाहेर सरकत. किल्ली मुलीच्या स्वाधीन होती. ही बाब सहसा दुर्लक्षित राहते. इतिहासात एंजेलचे नाव आले. पण दोन आठवडे रोज तोंडात किल्ली घालून स्वतःच्याच टाळूवर ताण आणणारी ती मुलगी होती. तिचे वय नोंदले गेले आहे. या इतिहासात तिचे नाव कुठे येत नाही.

८/ दोन आठवड्यांनंतरच्या निरीक्षणात एंजेलला महत्त्वाची वाटली ती पुढच्या दोन पटाशीच्या दातांमधील फट. स्क्रू टेकला होता उपदाढांवर. पुढच्या दातांना त्याचा स्पर्शही नव्हता. मग ते एकमेकांपासून दूर कसे झाले? एकच सरळ उत्तर संभवते : ते ज्या दोन हाडांत रोवलेले आहेत, ती हाडेच मधल्या शिवणीवर उघडली. आज कोणताही दंतवैद्य ही फट पाहून पालकांना सांगतो, की घाबरू नका, उपचार योग्य दिशेने चालला आहे. काही महिन्यांत ती बहुधा आपोआप मिटते. १८६० मध्ये मात्र तीच फट वादाचे कारण ठरली.

९/ एंजेलचा लेख ‘डेंटल कॉसमॉस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ते फिलाडेल्फियाहून, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व टोकाहून निघत असे. सॅन फ्रान्सिस्को पश्चिम टोकाला. दोन्ही किनारे जोडणारा लोहमार्ग पुरा व्हायला अजून नऊ वर्षे होती. संपादकांनी लेख छापला, पण शंका नोंदविली : वरच्या जबड्याची हाडे चेहऱ्याच्या इतर अनेक हाडांशी घट्ट जोडलेली असतात, ती अशी दूर होतील हे फारच संशयास्पद वाटते. हा आक्षेप मूर्खपणाचा नव्हता. कवटी हातात धरून पाहणाऱ्या कोणालाही तो सुचला असता.

१०/ आणि एंजेलकडे त्यावर निर्णायक उत्तर नव्हते. विल्हेल्म रोंटगेन क्ष-किरणांचा शोध लावणार होता १८९५ मध्ये, पस्तीस वर्षांनंतर. जिवंत मुलीच्या टाळूतील शिवण उघडली की नाही, हे दाखविण्याचे साधन जगात कुणाजवळच नव्हते. एका बाजूला एक रुग्ण, एक फट आणि तिच्यावरून केलेले अनुमान. दुसऱ्या बाजूला कोरड्या कवट्यांवरून बनलेले सामान्य ज्ञान. अनुमान बरोबर होते, सामान्य ज्ञान अपुरे होते. कारण कोरडी कवटी बहुधा प्रौढाची असते, आणि प्रौढाची शिवण चौदा वर्षांच्या मुलीच्या शिवणीसारखी नसते. पुरावा चुकीच्या वयाचा होता, हे ध्यानात यायला काळ जावा लागला.

११/ आता कथेत रबर येते. चार्ल्स गुडइयरने रबर गंधकासह तापवून टिकाऊ करण्याची रीत शोधली आणि त्यातूनच पुढे व्हल्कनाइट हे कठीण रबर आले. तोंडाच्या ठशावर नेमके बसणारे हे पहिले स्वस्त द्रव्य. परंतु दातांच्या कवळ्यांसाठी ते वापरण्याचे पेटंट एका कंपनीच्या हाती होते आणि ती दंतवैद्यांकडून परवाना-शुल्क सक्तीने वसूल करी. न देणाऱ्यांवर खटले भरी. १८७९ च्या ईस्टर रविवारी या कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन याचा सॅम्युअल शॅल्फंट या दंतवैद्याने गोळी घालून खून केला. शहर पुन्हा तेच : सॅन फ्रान्सिस्को. १८८१ मध्ये पेटंटची मुदत संपली.

१२/ त्याच १८८१ साली लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषद भरली. पाश्चर, कॉख, लिस्टर अशी माणसे तिथे उपस्थित होती. जंतूंवरील चर्चांच्या त्या गर्दीत दंतविभागात वॉल्टर कॉफिन याने आपली विस्तारक प्लेट मांडली. टाळूवर बसणारी व्हल्कनाइटची प्लेट मधोमध दोन भागांत कापलेली, आणि दोन्ही भागांना जोडणारी पियानोच्या तारेची वळणदार स्प्रिंग. स्प्रिंग थोडी ताणून प्लेट तोंडात बसविली, की ती मूळ आकारात येण्यासाठी दोन्ही भागांना बाहेर ढकलते. कॉफिन स्प्रिंग हे नाव दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना आजही शिकविले जाते.

१३/ या प्लेटमुळे एक मूलभूत फरक पडला : ती रुग्णाला स्वतः काढता-घालता येत होती. जेवणापूर्वी काढा, धुवा, पुन्हा बसवा. मराठी घरांत मुलांच्या अशा उपकरणाला नुसते ‘प्लेट’ म्हणतात. तिच्या वंशावळीत कॉफिनचे स्थान मोठे आहे. परंतु सोयीबरोबर मर्यादाही आली. जी वस्तू बोटाने निघते, ती जोराच्या धक्क्यानेही निघते. स्प्रिंग जास्त ताणली तर प्लेट दातांवरून सुटते, म्हणून जोर सौम्यच ठेवावा लागे. काढता येणारे आणि जोरदार, हे दोन्ही गुण एका यंत्रात आणणे कठीण. पुढच्या सव्वाशे वर्षांत हा पेच अनेकांनी आपापल्या परीने सोडविण्याचा प्रयत्न केला.

१४/ विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत या शास्त्रावर एका माणसाची छाया पडली : एडवर्ड अँगल. (नावात साम्य असले तरी एंजेल निराळा, अँगल निराळा.) चाव्याच्या दोषांचे त्याने १८९९ मध्ये केलेले वर्गीकरण आजही वापरात आहे आणि दंतसुधारणेला स्वतंत्र शाखा म्हणून उभे करण्याचे श्रेय त्याचे आहे. दात न उपटता सर्वच्या सर्व राखावेत, हा त्याचाही आग्रह. पण त्याची श्रद्धा अशी, की दात योग्य जागी आणून ठेवले म्हणजे त्यांच्या वापराने भोवतालचे हाड आपसूक वाढेल. असे असेल, तर टाळूची शिवण उघडण्याची गरजच काय?

१५/ या श्रद्धेपुढे एंजेलची कल्पना मागे पडली. तिला दुसरीकडे आश्रय मिळाला : नाक-घशाच्या वैद्यांकडे. टाळूचा वरचा पृष्ठभाग म्हणजेच नाकपोकळीचा तळ. तेव्हा टाळू रुंदावला तर नाकही मोकळे होईल, हा तर्क त्यांना पटणारा होता. तर्कात तथ्य होते, पण त्याबरोबर अतिउत्साहही आला आणि नाकाच्या तक्रारींवर हा मोठा उपाय असल्याचे दावे झाले. दंतवैद्य आधीच साशंक होते. १९१० नंतर अमेरिकेत ही पद्धत जवळजवळ अडगळीत गेली. एंजेलचे अनुमान कोणी प्रयोगाने खोडले नव्हते. ते केवळ चर्चेतून नाहीसे झाले.

१६/ युरोपात चित्र निराळे होते. तिथे अँगलच्या मतांचा दरारा कमी होता. समाजविम्यासारख्या योजनांमुळे बहुसंख्य मुलांना परवडेल अशा उपचाराची निकड होती, आणि बांधीव तारांसाठी लागणारे मौल्यवान धातू सहज मिळत नव्हते. नाझी जर्मनीत तर दंतकामात त्यांच्या वापरावर बंदीच आली. परिणामी काढता येणाऱ्या प्लेटा हे युरोपचे मुख्य साधन बनले. १९३० च्या दशकात व्हिएन्नाच्या मार्टिन श्वार्झ याने मधोमध कापलेल्या, स्क्रू बसविलेल्या प्लेटांचा पद्धतशीर विकास केला. पुढे व्हल्कनाइटची जागा ॲक्रिलिकने घेतली. तोंडातली काळपट-लालसर प्लेट पारदर्शक होऊ शकेल, ही शक्यता इथून सुरू झाली.

१७/ प्लेट दातांना घट्ट धरून ठेवणारी पकड हा तिचा दुबळा दुवा होता. बेलफास्टच्या फिलिप ॲडम्स याने १९५० च्या सुमारास दाढेच्या दोन्ही कोपऱ्यांत रुतणारी तारेची पकड तयार केली आणि प्लेटा बऱ्याच स्थिर झाल्या. तरीही मर्यादा उरलीच. काढता येणाऱ्या प्लेटेचा स्क्रू सावकाश, आठवड्यातून एकदा-दोनदा फिरवावयाचा. घाई केली तर प्लेट बसतच नाही. शिवाय ती खिशात किंवा दप्तरात राहिली तर कामही थांबते. मुलाने ती घातलीच नाही, तर डॉक्टरचे कौशल्य आणि पालकांचा खर्च दोन्ही निरुपयोगी. मुलाच्या सहकार्याची अट या यंत्राला जन्मापासून चिकटलेली आहे.

१८/ एंजेलच्या कल्पनेचे पुनरागमन झाले ते युरोपमार्गे. जर्मनीत तिचा वापर पुरता थांबला नव्हता. १९५६ मध्ये गुस्टाव्ह कोर्कहाउस हा जर्मन तज्ज्ञ इलिनॉय विद्यापीठात आला आणि तिथल्या ॲलन ब्रॉडी यांना त्याने टाळू रुंदावलेल्या रुग्णांच्या नोंदी दाखविल्या. ब्रॉडी हे अँगलच्या शिष्यपरंपरेतले. ज्या परंपरेने ही कल्पना बाजूला सारली, तिच्याच वारसाने तिची तपासणी सुरू करावी, हा योग विलक्षण. या विषयावर प्रयोग करण्याचे काम पडले अँड्र्यू हास या तरुण संशोधकाकडे. हासने डुकरांपासून सुरुवात केली.

१९/ डुकरांच्या टाळूवर विस्तारक बसविले, तेव्हा शिवण स्पष्टपणे उघडली आणि नाकपोकळीही रुंदावली. मग माणसांवरील उपचार झाले. आणि आता क्ष-किरण हाताशी होते. १९६१ मध्ये हासचा लेख ज्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला त्याचे नाव होते ‘अँगल ऑर्थोडॉन्टिस्ट’. क्ष-किरणचित्रात टाळूच्या मध्यावर शिवणीच्या जागी पाचरीसारखी काळी पट्टी दिसत होती. एंजेलने जे केवळ दातांमधल्या फटीवरून ताडले होते, ते आता कोणालाही डोळ्यांनी पाहता येत होते. एकशे एक वर्षांनंतर वाद मिटला. त्या वेळी एंजेल हयात नव्हता.

२०/ पुढची दहा वर्षे मोजमापाची. रॉबर्ट आयझॅकसन आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये स्क्रूच्या एकेका फिरकीने निर्माण होणारा जोर मोजला. तो सुमारे ३ ते १० पौंड भरला. नेहमीच्या दात सरकविण्यात हा जोर ग्रॅममध्ये सांगतात, तेव्हा फरक लक्षात यावा. हासच्या यंत्रात टाळूला टेकणारे ॲक्रिलिकचे भाग होते, त्याखाली अन्न अडके. १९६८ मध्ये विल्यम बीडरमन याने केवळ धातूचा, स्वच्छ राखता येणारा ‘हायरॅक्स’ मांडला. पाव फिरकीला साधारण पाव मिलिमीटर, दिवसातून एक-दोन फिरक्या, हा परिपाठ रूढ झाला. किल्ली मात्र घरीच राहिली. बहुतेक ठिकाणी ती आई-वडिलांच्या हाती आली.

२१/ विजयाबरोबर मर्यादाही उघड झाल्या. जलद विस्तारात सुरुवातीला हाडाचा वाटा मोठा असतो. पण ताणलेल्या ऊती हाडांना मागे ओढतात आणि दात बाहेर कलत राहतात. काही महिन्यांनी हिशेब केला, तर मिळालेल्या रुंदीत हाड आणि दात यांचा वाटा साधारण निम्मा-निम्मा उरतो. सावकाश विस्तारातही शेवटी जवळपास हेच प्रमाण येते. म्हणून उद्दिष्ट गाठल्यावर यंत्र लगेच काढत नाहीत. शिवणीत नवे हाड भरेपर्यंत काही महिने तसेच ठेवतात. अगदी लहान मुलांत मोठा, जलद जोर लावल्यास नाकाचा आकार बिघडण्याचा धोकाही संभवतो. शिवण उघडते हे ठरल्यावर आता खरा प्रश्न होता : कोणत्या वयात, किती वेगाने?

२२/ याचे उत्तर पुन्हा शिवणीतच होते. डेन्मार्कच्या बिर्टे मेल्सन यांनी १९७५ मध्ये शवविच्छेदनातून मिळालेल्या वेगवेगळ्या वयांच्या टाळूंचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करून शिवणीचे वयानुसार बदलणारे रूप मांडले : आधी रुंद व सरळ, मग नागमोडी, आणि किशोरवयाच्या अखेरीस दाट गुंतलेले. १८६० च्या शंकेखोर संपादकांच्या नजरेसमोर जी कवटी असणार, ती या तिसऱ्या अवस्थेतली. मोठ्यांच्या बाबतीत त्यांचा आक्षेप पुष्कळ अंशी खरा आहे. प्रौढांत शस्त्रक्रियेची मदत घ्यावी लागते, किंवा २०१० मध्ये कोरियन तज्ज्ञांनी मांडल्याप्रमाणे यंत्र थेट टाळूच्या हाडात सूक्ष्म स्क्रूंनी रोवावे लागते.

२३/ पारदर्शक उपकरणांची शाखा याच काळात स्वतंत्रपणे वाढत होती. १९४५ मध्ये अमेरिकेच्या हॅरोल्ड केसलिंग याने एक युक्ती वापरली. दातांच्या साच्यातून दात कापून काढावयाचे, मेणात इष्ट जागी पुन्हा बसवावयाचे आणि त्या सुधारलेल्या साच्यावर रबराचे उपकरण बनवावयाचे. ते चावून धरले, की खरे दात त्या साच्याकडे सरकतात. अशी उपकरणे मालिकेने बनविली तर मोठे बदलही शक्य होतील, हे केसलिंगला दिसले होते; पण प्रत्येक पायरीला दात कापून बसविण्याचे श्रम कोण करणार? कल्पना होती, परवडणारी रीत नव्हती. ती रीत संगणकाने दिली.

२४/ १९९७ मध्ये झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ या स्टॅनफर्डच्या तरुणांनी अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी स्थापन केली. दोघेही दंतवैद्य नव्हते. दात संगणकाच्या पडद्यावर कापावयाचे, पायरीपायरीने सरकवावयाचे, प्रत्येक पायरीचा साचा छापावयाचा आणि त्यावर पारदर्शक प्लास्टिकचे कवच ओढावयाचे. केसलिंगची मालिका अशी प्रत्यक्षात आली. १९९८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची परवानगी मिळाली. यातली प्रमुख पेटंटे २०१७ पासून संपू लागली आणि प्रतिस्पर्धी कंपन्या पुढे सरसावल्या. व्हल्कनाइटचा काळ आठवावा : तोंडात काय बसावयाचे, हे पुष्कळदा पेटंटच्या तारखा ठरवितात.

२५/ मात्र ही पातळ कवचे दात हलवीत. टाळूची शिवण उघडण्याइतका जोर त्यांत नव्हता. २०२३ च्या अखेरीस याच कंपनीच्या काढता येणाऱ्या, थेट त्रिमितीय मुद्रणाने बनविलेल्या टाळू-विस्तारकाला अमेरिकेत परवानगी मिळाली. यात स्क्रूच नाही. मुलाच्या तोंडाचे स्कॅन घेऊन जाडसर, टाळूवर पसरलेल्या विस्तारकांची मालिका छापतात; प्रत्येक पुढचा तुकडा आधीच्यापेक्षा सुमारे पाव मिलिमीटर रुंद. दातांवर चिकटविलेल्या लहान उंचवट्यांवर तो अडकून बसतो. पाव मिलिमीटर, म्हणजे जुन्या स्क्रूची पाव फिरकी. किल्ली फिरविण्याऐवजी तुकडा बदलावयाचा, एवढाच फरक. मापाची शिस्त तीच.

२६/ कॉफिनच्या पेचाला दिलेले हे आजवरचे सर्वांत अलीकडचे उत्तर. काढता येते, म्हणून दात घासणे सोपे, जेवण सोपे, आणि तोंडात किल्ली अचूक घालण्याची आई-वडिलांची रोजची कसरत संपते. पण जुनी अटही परत येते. चिकटविलेला विस्तारक मुलाने मनात आणले तरी निघत नाही. काढता येणारा निघतो, आणि बाहेर राहिला तर उघडू लागलेली शिवण पुन्हा मिटू लागते. म्हणून ‘कोणता चांगला’ या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. मूल किती नियमित, जबडा किती अरुंद, शिवण कोणत्या अवस्थेत, हे पाहूनच तज्ज्ञाने ठरवावे लागते. पक्क्या विस्तारकांमागे साठ वर्षांच्या नोंदी आहेत. या नव्या प्रकाराच्या दीर्घकालीन नोंदी आता कुठे जमू लागल्या आहेत.

२७/ आणि जुना अतिउत्साहही परतला आहे. टाळू रुंदावला की घोरणे थांबते, झोपेतील श्वसनदोष टळतो, असे दावे आज पालकांपर्यंत सहज पोहोचतात. ज्या मुलाचा जबडा खरोखर अरुंद आहे, त्याला श्वसनातही काही लाभ होऊ शकतो. परंतु अमेरिकेच्या दंतसुधारणा-तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या श्वेतपत्रिकेत स्पष्ट केले, की भविष्यातील झोपेचा विकार टाळण्यासाठी म्हणून, जबडा पुरेसा असलेल्या मुलावर हा उपचार करण्यास आधार नाही. अवाजवी दाव्यांनी ही पद्धत एकदा बदनाम होऊन पन्नास वर्षे मागे पडली होती. त्या बदनामीची किंमत मोजली ती त्या पन्नास वर्षांत जन्मलेल्या अरुंद जबड्याच्या मुलांनी.

२८/ एंजेलची कथा अनेकदा ‘एकटा द्रष्टा आणि आंधळे जग’ अशी सांगितली जाते. ती तशी नाही. संपादकांची शंका रास्त होती आणि त्यांनी लेख दडपला नाही, शंकेसह छापला. म्हणूनच तो शंभर वर्षांनी सापडू शकला. चूक घडली ती नंतर : शंका तपासण्याची साधने १८९५ नंतर हाती आली, तरी प्रस्थापित मताच्या वजनाखाली कित्येक दशके नेटाने तपासणी झाली नाही. शंका घेणे आणि शंका तपासणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन्हींची तारीख वेगवेगळी नोंदवावी.

२९/ शेवटी पुन्हा ती मुलगी. तिने किल्ली फिरविली नसती, तर एंजेलजवळ सांगण्यासारखे काही उरले नसते. आज एखादे नऊ-दहा वर्षांचे मूल रात्री आरशासमोर उभे राहून पारदर्शक विस्तारकाचा पुढचा तुकडा टाळूवर बसविते, तेव्हा ते तिचेच काम पुढे चालवीत असते. त्याला थोडे दुखते, चार दिवस बोबडे बोलावे लागते, आणि मग एका सकाळी पुढच्या दोन दातांमध्ये फट दिसते. १८६० मध्ये ज्या फटीवर विश्वास बसला नाही, तिची आता घरातली माणसे वाट पाहत असतात.

(थ्रेड समाप्त)